खोटं सिद्ध झालं, तरी धंदा चालूच

लंडनच्या 'टाइम्स'ने ८ मे १९२० रोजी एका पुस्तिकेवर लेख छापला. पुस्तिका मूळ रशियन, इंग्रजीत नुकतीच आलेली. जगभरच्या ज्यू पुढाऱ्यांनी गुप्त बैठका घेऊन राज्यं, बँका आणि वर्तमानपत्रं ताब्यात घेण्याचा बेत आखला आहे आणि ही त्या बैठकांचीच टिपणं आहेत, असा तिचा दावा होता. 'प्रोटोकॉल्स ऑफ द एल्डर्स ऑफ झायन' या नावाने ती आजही ओळखली जाते. 'टाइम्स'ने ती खरी आहे असं म्हटलं नाही, खोटी आहे असंही म्हटलं नाही. बनावट असेल तर तिच्यातली भाकितं खरी कशी ठरताहेत, एवढा प्रश्न विचारला आणि चौकशी व्हावी असं सुचवून विषय सोडून दिला. 'आम्ही फक्त प्रश्न विचारतोय' ही आजच्या पॉडकास्टवाल्यांची पळवाट तेव्हाच्या सर्वांत प्रतिष्ठित वर्तमानपत्राने अशी आधीच वापरून ठेवली होती.

'टाइम्स'च्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९२१ मध्ये, त्यांच्याच बातमीदाराने या पुस्तिकेचं पितळ उघडं पाडलं. फिलिप ग्रेव्ह्ज तेव्हा कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला होते. रशियातून परागंदा झालेल्या एका गृहस्थाने त्यांच्या हाती एक जुनं फ्रेंच पुस्तक ठेवलं. नावाचं पान गायब. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचत गेल्यावर उताऱ्यामागून उतारा जुळत गेला. ते पुस्तक निघालं मोरीस जोली या फ्रेंच वकिलाचं, १८६४ सालचं. नरकात कावेबाज राजनीतीसाठी ओळखला जाणारा इटालियन लेखक मॅकियाव्हेली आणि फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू यांची गाठ पडते आणि मॅकियाव्हेलीच्या तोंडून फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्या हुकूमशाहीची टर उडवली जाते, असा सगळा प्रकार. ज्यूंच्या कारस्थानाचा त्यात मागमूस नाही. या पुस्तकापायी जोलीला १५ महिन्यांची कैद झाली. पुढे कुणीतरी त्याच्या मॅकियाव्हेलीची वाक्यं उचलली आणि ज्यू पुढाऱ्यांच्या तोंडी घातली.

त्यातली एक जागा मराठी वाचकाने मुद्दाम पाहावी. जोलीचा मॅकियाव्हेली म्हणतो की, विष्णू देवासारखे माझ्या वृत्तपत्रांना शंभर हात असतील. 'प्रोटोकॉल्स'च्या बाराव्या प्रकरणात तेच येतं: वृत्तपत्रं ज्यूंच्या मुठीत, त्यांना हिंदुस्थानातल्या विष्णूसारखे शंभर हात. आता आपल्याकडचं शेंबडं पोरही सांगेल की विष्णूला हात चार. शंख, चक्र, गदा, पद्म, संपलं. शंभर हातांचा विष्णू एका पॅरिसकर वकिलाच्या अर्धवट माहितीतून जन्मला, आणि जवळपास चाळीस वर्षांनी, मूर्तिपूजा निषिद्ध मानणाऱ्या ज्यूंच्या तथाकथित गुप्त बैठकीत जसाच्या तसा अवतरला. परीक्षेत नक्कल करणाऱ्याने शेजारच्याची चूकही उतरवून घ्यावी, तसं. ज्यूंच्या हाती माध्यमं आहेत, या आजही रोज ऐकू येणाऱ्या आरोपाचा सर्वांत प्रसिद्ध 'पुरावा' तो हाच.

म्हणजे १९२१ मध्ये प्रकरण मिटायला हवं होतं. ते मिटलं नाही, आणि का मिटलं नाही याचं आपण नेहमी देतो ते उत्तर मला पटत नाही. लोक अज्ञानी असतात, खरी माहिती पोचली की अंधार जातो, असं आपण धरून चालतो. ज्यूद्वेषाच्या इतिहासात हे गृहीतक शतकानुशतकं आपटी खात आलं आहे. १३४८ साली युरोपात काळी महामारी पसरली आणि ज्यूंनी विहिरींत विष कालवलं अशी हूल उठली. तेव्हा सहाव्या क्लेमेंट पोपने फर्मान काढून सांगितलं की, अरे, या रोगाने ज्यूही मरताहेत, आणि जिथे ज्यू राहतच नाहीत तिथेही साथ आहे. युक्तिवाद बिनतोड होता, आणि तो करणारा ख्रिस्ती जगातला सर्वोच्च माणूस होता. तरीही फेब्रुवारी १३४९ मध्ये स्ट्रासबुर्गमध्ये शेकडो ज्यूंना जिवंत जाळलं गेलंच. त्यांचं कर्ज डोक्यावर असलेल्यांची देणी त्या आगीत फिटली, हेही तिथल्या इतिहासात नोंदलेलं आहे.

माझं म्हणणं एवढंच की ही मिथकं पुराव्यावर उभी नसतात, तेव्हा ती पुराव्याने पडतही नाहीत. त्यांच्यावर कुणाचं तरी पोट, पद किंवा खप उभा असतो. 'प्रोटोकॉल्स' पहिल्यांदा कुठे छापले गेले? १९०३ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या 'झ्नाम्या' या दैनिकात, क्रमशः. त्याचा संपादक पावेल क्रुशेवान. किशिनेव्हमध्ये त्याचं आणखी एक पत्र निघे. एका मुलाचा खून झाला तेव्हा या पत्राने 'ज्यूंनी रक्तासाठी मारलं' अशी हाकाटी केली, एप्रिलमध्ये तिथे दंगल उसळली आणि ४९ ज्यू मारले गेले. त्यानंतर काही महिन्यांतच याच माणसाने ही टिपणं छापायला घेतली. त्याला कुणीतरी फसवलं असेल, असं मानायला माझी तयारी नाही.

मग हेन्री फोर्ड. मोटारीच्या धंद्यात अमाप पैसा मिळवल्यावर त्याने आपल्या गावचं 'डिअरबॉर्न इंडिपेंडंट' हे साप्ताहिक विकत घेतलं आणि २२ मे १९२० पासून सलग ९१ अंकांत 'जागतिक ज्यू' हा जगाचा प्रश्न कसा आहे, ते सांगितलं. अंक खपावा म्हणून फोर्ड गाड्यांच्या विक्रेत्यांच्या गळ्यात त्याच्या वर्गण्याही मारल्या जात. १९२१ मध्ये एका वार्ताहराने 'प्रोटोकॉल्स'बद्दल छेडलं तेव्हा फोर्डने जे उत्तर दिलं, ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटतं. तो म्हणाला की, मला एवढंच म्हणायचंय की जे चाललंय त्याच्याशी ते जुळतं.

खरं आहे की नाही हा मुद्दाच नाही, जुळतंय ना! हिटलरने त्याच्या पुढची पायरी गाठली. फ्रँकफर्टचं वर्तमानपत्र 'हे बनावट आहे' म्हणून ओरडतंय, हाच ते अस्सल असल्याचा उत्तम पुरावा, असं त्याने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं. एकदा हे तर्कशास्त्र पत्करलं की खुलासा करणारा प्रत्येक जण कटातला भिडू ठरतो. स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या न्यायालयाने १४ मे १९३५ रोजी साक्षीपुरावे घेऊन पुस्तिका बनावट आणि चोरलेली ठरवली. त्याने नाझी शाळांतला अभ्यासक्रम तसूभरही बदलला नाही.

अमेरिकेत तोवर रेडिओ आला होता. मिशिगनमधला कॅथलिक पाद्री चार्ल्स कॉगलिन रविवारी दुपारी बोलायला लागला की लाखो घरं कान देऊन ऐकत. मंदीत नोकरी गेलेल्या माणसाला तो बँकवाल्यांविरुद्ध बोलतोय याचं बरं वाटे, आणि त्याच्या बोलण्यातले बँकवाले हळूहळू ज्यू होत गेले. १९३८ मध्ये त्याने आपल्या नियतकालिकात 'प्रोटोकॉल्स' छापले. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरच्या रात्री जर्मनीत ज्यूंची प्रार्थनामंदिरं आणि दुकानं फोडली, जाळली गेली. २० तारखेच्या भाषणात कॉगलिनने त्याचं खापर घुमवून साम्यवादाच्या आणि त्याआडून ज्यूंच्याच माथी फोडलं. इथे न्यूयॉर्कच्या 'डब्ल्यूएमसीए' या एका रेडिओ केंद्राने एक साधी गोष्ट केली. भाषण संपताच निवेदकाने सांगितलं की वक्त्याने चुकीची विधानं केली आहेत. आणि पुढचं भाषण आधी लेखी दाखवल्याशिवाय लावणार नाही, असं केंद्राने कळवलं. कॉगलिनने नकार दिला, केंद्राने प्रसारण थांबवलं. त्याच्या भक्तांनी केंद्रासमोर कित्येक आठवडे निदर्शनं केली. केंद्र बधलं नाही. सरकारने बंदी घातली नव्हती, कुणी तुरुंगात गेलं नव्हतं. आमच्या ध्वनिक्षेपकावर हे चालणार नाही, एवढंच एका मालकाने ठरवलं होतं.

आज ध्वनिक्षेपकाचे मालक काय ठरवतात? ऑक्टोबर २०१८ मध्ये, मध्य अमेरिकेतून स्थलांतरितांचा तांडा निघाला होता तेव्हा, फॉक्स बिझनेसवरच्या एका कार्यक्रमात पाहुणा म्हणाला की अमेरिकेचं परराष्ट्र खातं जॉर्ज सोरोस या हंगेरीत जन्मलेल्या ज्यू अब्जाधीशाच्या ताब्यात आहे. कार्यक्रम गुरुवारचा. शनिवारी, २७ ऑक्टोबरला, पिट्सबर्गच्या 'ट्री ऑफ लाइफ' या ज्यू प्रार्थनामंदिरात एका बंदूकधाऱ्याने ११ जणांना मारलं. ज्यूंची एक संस्था परकीय आक्रमकांना देशात आणते, असं लिहूनच तो घराबाहेर पडला होता. त्याच शनिवारी त्या कार्यक्रमाचं पुनःप्रसारण झालं. नंतर टीका झाली तेव्हा वाहिनीने हात झटकले आणि त्या पाहुण्याला पुन्हा बोलावणार नाही असं जाहीर केलं. खुन्याने तोच कार्यक्रम पाहिला होता, असं मी म्हणत नाही. दोघं एकच भाषा बोलत होते आणि त्यातल्या एकाला स्टुडिओत खुर्ची मिळाली होती, एवढंच दाखवायचंय.

फोर्डची आठवण करून देणारा प्रसंग २०२३ चा. इलॉन मस्क यांनी आदल्या वर्षी ४४ अब्ज डॉलरला ट्विटर घेतलं होतं. मोटारवाल्यांना माध्यमं का घ्यावीशी वाटतात, यावर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा. ज्यू समाज गोऱ्यांविरुद्ध द्वेष पसरवतो, अशा अर्थाच्या एका पोस्टखाली मस्क यांनी लिहिलं की तू अगदी खरं बोललास. ॲपल, डिस्ने, आयबीएम यांनी जाहिराती थांबवल्या. त्यानंतर मस्क यांना खेद झाला, आणि जानेवारी २०२४ मध्ये ते आउश्वित्झच्या छळछावणीत जाऊन आले. जुलै २०२५ मध्ये त्यांच्याच कंपनीचा ग्रोक हा चॅटबॉट हिटलरची स्तुती करू लागला तेव्हा पुन्हा दिलगिरी आली.

आपल्या मराठी माणसाचा याच्याशी काय संबंध, असं कुणी विचारेल. आपल्याकडे ज्यूंचा छळ कधी झाला नाही, असं आपण अभिमानाने सांगतो आणि ते बव्हंशी खरंही आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागलेले बेने इस्रायली शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून 'शनिवार तेली' झाले, नवगावकर, पेणकर, रोहेकर झाले, घरात मराठी बोलले. पुण्यात ससून म्हटलं की रुग्णालय आठवतं, मुंबईत डॉ. ई. मोझेस यांच्या नावाचा रस्ता आहे. ते मुंबईचे महापौर होते. पण गोव्याला या अभिमानातून वगळावं लागतं. पोर्तुगीजांनी १५६० मध्ये तिथे इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा देणारं धर्मन्यायालय, बसवलं. गार्सिया द ओर्ता हा थोर वैद्य, त्याचा भारतीय औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. तो मेल्यावर त्याच्या बहिणीला छुप्या ज्यू म्हणून जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली.

आज आपल्याकडे ज्यू जवळपास उरले नाहीत, बहुतेक इस्रायलला गेले. दंतकथा मात्र आल्या आहेत, आणि त्या आल्या कौतुकाचा वेश घेऊन. ज्यू बायका गरोदरपणी गणितं सोडवतात, म्हणून त्यांची मुलं जगावर राज्य करतात, हा फॉरवर्ड तुमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आला नसेल तर तुम्ही भाग्यवान. पाठोपाठ लंडनचा ज्यू सावकार नेथन रॉथ्सचाइल्ड याची गोष्ट येते: वॉटर्लूची लढाई डोळ्यांनी पाहून तो वादळात समुद्र ओलांडून लंडनला आला आणि एका दिवसात बाजार लुटला. नेथन रॉथ्सचाइल्ड वॉटर्लूला गेलाच नव्हता. ही कथा लढाईनंतर ३१ वर्षांनी, १८४६ मध्ये, 'सैतान' असं टोपणनाव घेतलेल्या लेखकाच्या पॅरिसमधल्या एका पत्रकात रंगली, आणि १९४० मध्ये नाझींनी रॉथ्सचाइल्ड घराण्यावर चित्रपटच काढला. आपला फॉरवर्ड करणारा ती 'बघा, किती हुशार जमात' म्हणून पाठवतो. ज्यू जग चालवतात, हे वाक्य नमस्कार करून म्हटलं काय आणि दात-ओठ खाऊन म्हटलं काय, खोटं ते खोटंच. म्हणूनच तर एकाच माणसाला इस्रायलचं सैन्यही आवडतं आणि फूटपाथवर मिळणारं हिटलरचं आत्मचरित्रही. २००६ मध्ये खारघरला हिटलरच्या नावाने उपाहारगृह निघालं होतं. मुंबईच्या ज्यूंनी आवाज उठवल्यावर नाव बदललं. 'आम्हाला फक्त लक्षात राहील असं नाव हवं होतं', हा तेव्हाचा खुलासा. द्वेष नाही हो, नुसतं अज्ञान, असं आपण म्हणतो. पण नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईतल्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रावर चालून आलेल्यांनी ती इमारत ज्यूंची म्हणूनच निवडली होती.

आता एक आक्षेप, आणि तो खरा आहे. इस्रायलच्या सरकारवर, गाझातल्या संहारावर बोललं की लगेच ज्यूद्वेषी ठरवतात, त्याचं काय? तसं होतं, आणि ते चूकच आहे. नेतान्याहू सरकारच्या निर्णयांवर टीका करायला कुणाच्या धर्माचा उल्लेखही लागत नाही. तारखा, आदेश, मृतांचे आकडे पुरतात. उलट जो टीकाकार मध्येच 'शेवटी बँका त्यांच्याच' म्हणतो, तो त्या सरकारच्या हातात कोलीत देतो. आणि गंमत अशी की ही दंतकथा इस्रायलच्या सत्ताधाऱ्यांच्या घरातही वापरून झाली आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये नेतान्याहूंच्या चिरंजीवांनी, सोरोस जगाची सूत्रं हलवतोय असं व्यंगचित्र फेसबुकवर टाकलं. अमेरिकेतल्या ज्यूद्वेष्ट्यांनी त्याचं तोंडभरून स्वागत केलं. सोरोसच्या पैशाचा हिशेब जरूर मागावा, हंगेरीत मागावा, आपल्या संसदेतही मागावा. पण हिशेब मागणारा रक्कम, तारीख आणि पावती विचारतो. 'सगळ्यामागे तोच' म्हणणाऱ्याला पावती नको असते.

मग करायचं काय? बंदीचा कायदा मला नको. तो आज ज्याच्यासाठी केला जाईल, त्याच्याऐवजी उद्या भलत्याच्याच गळ्यात पडेल, हे आपल्या देशात वेगळं सांगायला नको. पण छापणाऱ्याला आणि दाखवणाऱ्याला किंमत मोजावी लागली की काय होतं, हे फोर्डनेच दाखवलं. 'डिअरबॉर्न इंडिपेंडंट'ने आरन सपीरो नावाच्या वकिलावर झोड उठवली होती. सपीरो शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था बांधायचा. सहकाराच्या आडून ज्यू अमेरिकेची शेती गिळताहेत, असा आरोप होता. त्याने अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९२७ मध्ये, खटला अंगाशी येतोय असं दिसताच, फोर्डने जाहीर माफी मागितली आणि वर्षअखेर साप्ताहिक बंद केलं. १९२१ सालच्या ग्रेव्ह्जच्या लेखमालेने जे झालं नाही, ते एका दाव्याने झालं. उशीर झाला होता, हेही खरं. फोर्डच्या त्या लेखांचं पुस्तक झालं होतं, त्याची जर्मन भाषांतरं निघतच राहिली, आणि हिटलर युवक संघटनेच्या प्रमुखाने १९४६ मध्ये न्यूरेंबर्गला साक्ष देताना सांगितलं की कोवळ्या वयात आपल्याला घडवलं ते फोर्डच्या पुस्तकाने.

अलीकडचं उदाहरण अमेरिकेत कट-कारस्थानांच्या गोष्टी सांगणारा कार्यक्रम चालवणाऱ्या ॲलेक्स जोन्सचं. तिथल्या सँडी हुक शाळेत गोळीबारात २० मुलं मारली गेली, ते सगळं नाटक होतं, असं तो वर्षानुवर्षं सांगत राहिला आणि मधल्या वेळात शक्तिवर्धक गोळ्या विकत राहिला. पुराव्यांची कमतरता कधीच नव्हती, थडगी होती. २०२२ मध्ये कनेटिकटच्या ज्युरीने ९६ कोटी ५० लाख डॉलरची भरपाई ठोठावली, तेव्हा कुठे, हत्याकांड शंभर टक्के खरं होतं, असं त्याआधीच न्यायालयात कबूल केलेला जोन्स दिवाळखोरीच्या दारात उभा राहिला.

आपल्याकडे मार्च-एप्रिल २०२० मध्ये विहिरीत विष कालवण्याची तीच जुनी गोष्ट नवं नाव घेऊन आली. या वेळी आरोपी तबलिगी होते आणि विषाऐवजी थुंकी होती. कित्येक वाहिन्यांनी तो खेळ रात्रंदिवस चालवला. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा बनवलं गेलं असं नमूद केलं आणि माध्यमांच्या अपप्रचारावर ताशेरे ओढले. निकाल मराठी वर्तमानपत्रांत आला, आतल्या पानांवर का होईना. ज्यांनी तो अपप्रचार केला त्यांच्यापैकी एका कन्नड वाहिनीला २०२१ मध्ये वृत्तवाहिन्यांच्याच नियामक मंडळाने दंड केला: १ लाख रुपये. एवढ्या पैशात रात्री नऊच्या चर्चेत जाहिरातीची किती सेकंदं मिळतात, ते कुठल्याही वाहिनीच्या जाहिरात विभागात फोन करून विचारा.